इंजिनाची नाडी

येरवड्याच्या गुंजन चौकात सायंकाळी वाहनांची मोठी दाटी होते. एका पावसाळ्यात त्या दाटीत एक भाड्याची मोटार अडकली आणि तिच्या बॉनेटखालून वाफेचे लोट निघू लागले. नवल असे की, तापमान दाखविणारा काटा मात्र खालीच होता! मोकळ्या नगर रस्त्यावर ही मोटार कधी तापत नसे. थांबली की तापे.

चालकाने ती ढकलत जवळच्या गॅरेजात नेली. इंजिन जळाले असते, तर त्याची कित्येक महिन्यांची कमाई गेली असती.

"मिस्त्री, रेडिएटरच बदला," तो काकुळतीने म्हणाला.

"घाई नको, दादा. आधी इंजिन निवू द्या." तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले, तर उकळते पाणी अंगावर उसळते, हे मिस्त्री जाणून होता.

इंजिनात बोटाएवढा एक सेन्सर असतो. त्यातील पदार्थ जसजसा तापतो, तसतसा त्याचा विजेला होणारा रोध घटतो. हा गुण मायकेल फॅरेडे यांना १८३३ साली रौप्य सल्फाइडात आढळला होता. रोधावरून मोटारीतील संगणक ताप ओळखतो, काटा हलवितो आणि वेळ येताच पंखा सुरू करतो. रोध वाजवीपेक्षा अधिक भासला, तर इंजिन थंड आहे असे समजून तो पंखा फिरवीतच नाही. धावत्या मोटारीला निदान समोरचा वारा निववितो. चौकात तोही नाही.

दुसऱ्या सकाळी मिस्त्रीने गार इंजिनाचे तापमान यंत्रावर पाहिले. हवा २७ अंश, संगणक म्हणे २३. "चार अंशांचे काय एवढे!" हाताखालचा मुलगा म्हणाला. मिस्त्री काही बोलला नाही. त्याने सेन्सर काढून तापमापकासह गरम पाण्यात सोडला. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या सुमारासच उकळते, म्हणून त्याने ९० अंशांवर मोजणी केली. रोध भरला सुमारे २४० ओहम. या जातीच्या सेन्सरचा तेवढाच असावयास हवा. सेन्सर निर्दोष होता!

मग खोटे कोण बोलत होते? मिस्त्रीने तारेचे टोक उलगडले. पावसाच्या पाण्याने त्यावर हिरवा गंज चढला होता आणि तो सुमारे ३०० ओहमची भर घालीत होता. गार सेन्सरचा रोध १९०० ओहम; त्यात ३०० मिसळले, तरी खपून गेले. तापल्यावर मात्र २४० चे ५४० झाले आणि ९० अंशांचे इंजिन संगणकाला ६५ अंशांच्या आसपास भासू लागले.

जोडणी बदलली, पाणी भरले, गळती नाही याची खात्री केली. मग मोटार जागेवरच चालू ठेवून सारे वाट पाहू लागले. काटा हळूहळू मध्यावर चढला आणि काही क्षणांत पंखा घरघरू लागला.

रेडिएटरसाठी मोजून आणलेले पैसे चालकाने पुन्हा खिशात ठेवले.