पेरणीचा मृग आणि आकाशातला मृग

प्रश्न : उसाला पाणी द्यायला रात्रीचीच वीज असते, त्यामुळे अर्धी रात्र शेतात जाते. वर चांदण्यांनी भरलेलं आभाळ, पण सप्तर्षींपलीकडे काही ओळखता येत नाही. जूनमध्ये मृग लागला तेव्हा तो वर शोधला, सापडला नाही. सुरुवात कुठून करू? ग्रह कसे ओळखायचे? दुर्बीण लागेल का?
— एक शेतकरी वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : जूनमध्ये मृग कुणालाच सापडत नाही. पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात. ७-८ जूनला मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. मग मृग सूर्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तोच मृग दिवेलागणीनंतर पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. रोहिणीपासून हस्तापर्यंतची नावं तुम्हाला पाठ असणारच. पाऊस पाडून गेलेलं प्रत्येक नक्षत्र सहा महिन्यांनी रात्री बघा. शहरातल्या नवशिक्याजवळ एवढं भांडवल नसतं.

पहिला धडा मृगाचाच घ्या. फेब्रुवारीत रात्री आठ-साडेआठला तो जवळजवळ डोक्यावर, किंचित दक्षिणेकडे असतो. चार तारे हरणाचे पाय आणि मधले ओळीतले तीन म्हणजे पोटात रुतलेला बाण. बाणाची रेघ आग्नेयेकडे वाढवली की व्याध लागतो; रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. वायव्येकडे वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका.

आता जरा खाली बघा. बारामती-इंदापूरचा अक्षांश साधारण १८ अंश, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर असतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश झाकते. म्हणजे ध्रुव दोन मुठींच्याही आत. दक्षिणेचा अगस्त्य फार तर १९ अंश चढतो. दोघेही उभ्या उसाआड सहज लपतात, तेव्हा तोडणी झालेल्या फडाजवळचा बांध गाठा. भिगवणकडे उजनीच्या फुगवट्याकाठी तर उत्तरेला नुसतं पाणीच, ध्रुव शोधायला याहून चांगली जागा नाही. बारामतीकरांनी एमआयडीसीचे दिवे पाठीशी घ्यावेत. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल पाहिला की ती वाया जातात. बॅटरीला लाल कागद बांधा.

ग्रहांसाठी घरातली दिनदर्शिका पुरे. तीत रोजचं चंद्रनक्षत्र छापलेलं असतं. रोहिणी, मघा किंवा चित्रा लिहिलेल्या दिवशी चंद्राच्या आसपास तो तारा शोधा. असं महिनाभर केलंत की चंद्राची वाट नजरेत बसते. ग्रहही त्याच पट्ट्यातून फिरतात, सप्तर्षींत ते कधीच जात नाहीत. या वाटेवर न लुकलुकणारा ठळक ठिपका दिसला, तर तो बहुधा ग्रहच. गुरू साधारण वर्षाला एक रास ओलांडतो. बारा वर्षांनी तो सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून पाण्याच्या पाळीत मध्यरात्री दिसलेला तेजस्वी ग्रह शुक्र नसतो.

दुर्बिणीची घाई नको. वर्षभर नुसत्या डोळ्यांनी बघा, मग दहा बाय पन्नासचा बायनॉक्युलर घ्या. तो खांबाला टेकवून स्थिर धरला की गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. शनीच्या कड्यांना मात्र टेलिस्कोपच लागतो. तो विकत घेण्याआधी पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या एखाद्या आकाशदर्शनाला जाऊन या. १९४४ पासून ही मंडळी हौशी लोकांना आकाश दाखवत आहेत.