बोली लावण्याआधी

चि. अनिकेत,


ग्रीन कार्ड हातात आल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तुझी लिलावाची लिंक आली. दोन्हींचा आनंद झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो तुझ्या ऑफिसातल्या मित्रांनाही सांगून ठेव. एच-वन व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. शिकारीचा चालू परवाना असेल तर सूट आहे, पण त्या सवलतीवर विसंबण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावाच. ‘मित्राच्या नावावर घेऊ, ठेवू माझ्याकडे’ असला उद्योग तर कुणी करूच नये. दुसऱ्यासाठी घेत असताना फॉर्मवर ‘मीच खरा खरेदीदार’ असं लिहून देणं हा गुन्हा आहे आणि त्यात दोघंही अडकतात. तुझी ती अडचण आता संपली. म्हणून मोकळेपणानं लिहितो.

तू पाठवलेल्या लिंकवरची रायफल मी नीट पाहिली. ‘विंचेस्टर मॉडेल १८९४, सॅडल रिंग कार्बाइन, सन १९०२, शंभर टक्के मूळ स्थितीत’ असं विक्रेता म्हणतो. वर्णन बाजूला ठेव आणि फक्त फोटो बघ. तिसऱ्या फोटोत नळी जिथं रिसीव्हरला मिळते तिथं एक लंबगोल शिक्का दिसतो, आत डब्ल्यू आणि पी ही अक्षरं आहेत. तो विंचेस्टरचा प्रूफ शिक्का. कंपनीनं तो १९०५ साली सुरू केला. मग १९०२ च्या बंदुकीवर तो आला कुठून? एक तर तारीख चुकीची आहे, किंवा नळी नंतर बदललेली आहे, किंवा बंदूक दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेली होती. तिसरी शक्यता असेल तर त्यात वाईट काहीच नाही, पण मग ‘शंभर टक्के मूळ’ हे शब्द टिकत नाहीत आणि त्या शब्दांसाठी मागितलेली किंमतही टिकत नाही.

आता दस्त्याकडे वळ. पाचव्या फोटोत लाकूड आणि पोलाद जिथं भेटतात ती रेघ मोठी करून पाहा. कारखान्यातून निघताना लाकूड धातूपेक्षा किंचित वर ठेवलेलं असे. इथं ते धातूच्या खाली गेलंय. म्हणजे कुणीतरी दस्ता घासून पुन्हा पॉलिश केलाय. रिसीव्हरच्या कडा बघ, वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्यात. त्या मुळात धारदार असतात. स्क्रूच्या भोकांभोवती धातू बशीसारखा खोलगट झालाय, तो पॉलिशच्या चाकामुळे. आणि लिव्हर हाताच्या घामानं तपकिरी पडलेली असताना रिसीव्हर मात्र निळाशार! बंदूक सगळीकडे सारखी जुनी होत जाते. एक भाग म्हातारा आणि शेजारचा तरुण दिसला की मधे कुणाचा तरी हात फिरलाय हे ओळखावं. संग्राहकांच्या बाजारात असं नव्यानं ब्लूइंग केलेली बंदूक, कितीही देखणी असली तरी, निम्म्या किमतीलाही जात नाही असं बरेचदा होतं. उलट रंग उडालेली, ओरखडे पडलेली, पण कुणी न छेडलेली बंदूक जाणकार माणूस आधी उचलतो. मला तुझ्याकडून हीच एक गोष्ट हवी आहे: चकाकीला भुलू नकोस, न छेडलेली वस्तू शोध.

सिरीयल नंबर विक्रेत्यानं अंगठ्याखाली झाकलाय. बरेच जण शेवटचे आकडे लपवतात, त्यात दर वेळी खोट असते असं नाही. पण तू पूर्ण नंबर माग. या नंबरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. वायोमिंगमधल्या कोडी गावी ‘बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट’ नावाचं संग्रहालय आहे. त्यातल्या बंदुकांच्या विभागात विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या हस्तलिखित वह्या जपून ठेवल्यात. १८९४ मॉडेलच्या सुरुवातीच्या सुमारे साडेतीन लाख नंबरांच्या नोंदी तिथं आहेत. फी भरून नंबर कळवला की ते पत्र देतात: बंदूक रायफल होती की कार्बाइन, कोणत्या काडतुसाची, नळी गोल की अष्टकोनी, गोदामात कधी आली, बाहेर कधी गेली. दुरुस्तीसाठी परत आली असेल तर तीही नोंद सापडू शकते. म्हणजे त्या शिक्क्याचं कोडं सुटण्याची ही सगळ्यांत भरवशाची वाट. मोठी रक्कम घालायची असेल तर पत्र आधी, बोली नंतर.

वर्षाबद्दल आणखी एक. विंचेस्टरच्या उत्पादनवर्षांचे दोन तक्ते प्रचारात आहेत. एक जुन्या संदर्भग्रंथांतून चालत आलेला, दुसरा कारखान्याच्या पॉलिशिंग रूमच्या नोंदींवरून काढलेला. दोन्हींत फरक पडतो. एरवी वर्ष-दोन वर्षांनी काय बिघडतं, पण इथं बिघडतं. १८९८ च्या अखेरपर्यंत तयार झालेली बंदूक केंद्रीय कायद्यानुसार ‘अँटिक’ ठरते आणि १९६८ च्या बंदूक कायद्याच्या दृष्टीनं ती ‘फायरआर्म’ नसतेच. ती थेट घरी मागवता येते. १८९९ ची मात्र परवानाधारक दुकानदाराकडे यावी लागते; तिथं तू ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतोस, तुझी पार्श्वभूमी तपासली जाते, मग बंदूक हातात. म्हणून ‘अँटिक’ या शब्दासाठी विक्रेते जादा पैसे मागतात आणि सीमेवरच्या नंबरांना सोयीचा तक्ता लावतात. राज्यांचे कायदे वेगळे असतात हेही लक्षात ठेव. टेक्सासात जे चालतं ते न्यू जर्सीत तुझ्या चुलतभावाला चालेलच असं नाही.

पुढं संग्रह वाढवायचा विचार पक्का असेल तर ‘क्यूरिओ अँड रेलिक’चा परवाना काढ. तीन वर्षांचे ३० डॉलर. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली बंदूक त्यावर थेट घरी येते. मात्र प्रत्येक आवक-जावक वहीत लिहायची, आणि हा परवाना संग्रहासाठी आहे, धंद्यासाठी नाही. घेतली, चार पैसे जास्त आले की विकली, असं सुरू झालं तर सरकार त्याला धंदाच म्हणेल.

आता लिलावाचं. ईबेनं १९९९ साली बंदुका विकणं बंद केलं आणि त्याच सुमारास गनब्रोकर ही बंदुकांच्या लिलावाची वेबसाइट सुरू झाली. तिथं शेवटच्या सेकंदाला बोली टाकून पळण्याची युक्ती चालत नाही, कारण कुणी अखेरीस बोली लावली की मुदत पंधरा मिनिटांनी पुढं सरकते. त्यामुळे रात्री जागून शेवटच्या मिनिटाची वाट पाहण्यात अर्थ नाही. आपली कमाल रक्कम एकदाच भरायची आणि जेवायला बसायचं. यंत्रणा तुझ्या वतीनं गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. ती रक्कम ठरवताना डोकं थंड हवं, म्हणून ती आदल्या दिवशी कागदावर लिहून तेजश्रीला दाखव. तिला या खरेदीचं सांगितलंयस ना? सांगितलं नसशील तर बोलीचा विचारही करू नकोस. घरात बंदूक येते ती दोघांच्या संमतीनं यावी.

मोठ्या लिलावगृहांत, म्हणजे रॉक आयलंड ऑक्शनसारख्या ठिकाणी, वर्णन जास्त जबाबदारीनं लिहिलेलं असतं, पण बोलीवर खरेदीदाराचं कमिशन चढतं. समज २,००० डॉलरला बोली सुटली आणि कमिशन २० टक्के आहे. झाले २,४००. त्यावर पाठवणीचा खर्च, दुकानदाराची फी, विक्रीकर, कार्डानं दिले तर आणखी तीन टक्के. आकडा २,६०० च्या पलीकडं जातो. तुझी ऐपत २,००० ची असेल तर तुझी बोली १,५०० च्या आसपासच थांबायला हवी.

परत करण्याची मुदत आहे का, हे जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तीन दिवस पाहणीची मुभा देणाऱ्याकडून घे. ‘आहे तशी, परत नाही’ असं लिहिणाऱ्याला विचार की का. विक्रेत्याच्या कौतुकाचे शेरे वाचू नकोस, तक्रारी वाच, आणि तक्रारीला त्यानं दिलेलं उत्तर वाच; माणूस तिथं कळतो. किंमत फारच हलकी आणि पैसे फक्त ‘झेल’ या सेवेनं किंवा बँकेतून थेट पाठवा असा हट्ट असेल तर फोटो चोरलेले आहेत असंच धरून चाल. अशा वेळी बंदुकीशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागावा. बंदूक नसलेला माणूस तो देऊ शकत नाही.

कहाण्यांना एक पैसाही देऊ नकोस. दस्त्यावर पितळी खिळे ठोकलेली विंचेस्टर दिसेल आणि खाली लिहिलेलं असेल की ही मूळ अमेरिकन योद्ध्याची. १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायेन योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टर रायफली होत्या आणि अमेरिकी सैन्यातल्या कस्टरच्या घोडदळाकडे एकबारी स्प्रिंगफील्ड कार्बाइन, हे खरंच आहे. पण त्या खऱ्या इतिहासाच्या आडून दुकानातले खिळे ठोकून विकणारे पुष्कळ. एका समूहाच्या प्राणांतिक लढ्याचं असं नकली भांडवल करणं मला फार लागतं. कागद नसेल तर ती फक्त खिळे ठोकलेली बंदूक. ‘ट्रॅपर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आखूड कार्बाइनपासूनही लांब राहा. नळी १६ इंचांपेक्षा कमी भरली तर १९३४ चा वेगळा, कडक कायदा लागतो, आणि त्यातून कोणती बंदूक सुटली हे ठरवणं नवख्याचं काम नाही.

सुरुवात कशानं करावी असं विचारशील. १८७३ चं मॉडेल मनात भरतं हे मी जाणतो, पण त्यात पैसा आणि बनावट दोन्ही भरपूर. १८९४ च्या सत्तर लाखांहून अधिक बंदुका निघाल्या. १९६४ साली कंपनीनं खर्च वाचवायला घडण बदलली, पोलादातून कापलेल्या काही भागांच्या जागी पत्र्याचे दाबीव भाग आले, म्हणून त्याआधीची थर्टी-थर्टी काडतुसाची साधी कार्बाइन शोध. दुसरा पर्याय मार्लिनची ३३६; नळीला ‘जेएम’चा शिक्का असेल तर ती सहसा रेमिंग्टननं उत्पादन आपल्या कारखान्यात नेण्याआधीची. विंचेस्टरच्या १९६४ नंतरच्या स्मारक आवृत्त्या, ‘सेंटेनियल ६६’ किंवा ‘बफेलो बिल’, लाख-लाखावर निघाल्या. त्यांना दुर्मीळ म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस.

माझं स्वतःचं मन मात्र सॅव्हेज ९९ वर आहे. जमैकात जन्मलेल्या आर्थर सॅव्हेजनं न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी ती घडवली. बाहेर हॅमर नाही, रिसीव्हर माशासारखा निमुळता, आणि आत पितळी चक्र, ज्यात काडतुसं गोल बसतात. जुन्या रायफलींना डाव्या बाजूला बारीक खिडकी असते, तिच्यात आत किती काडतुसं उरली तो आकडा दिसतो. लिव्हर ओढलीस की तो आकडा सरकताना बघत राहावंसं वाटतं. विंचेस्टरच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकापाठी एक बसतात, पुढच्याच्या टोपीला मागच्याचं टोक भिडतं, म्हणून त्यात टोकदार गोळी भरायची नसते. सॅव्हेजच्या चक्रात ती भीती नाही. विकत घेताना दस्त्याचं लाकूड टँगच्या, म्हणजे रिसीव्हरच्या मागच्या पोलादी पट्टीच्या, मागं चिरलंय का आणि रिसीव्हरवर दुर्बिणीसाठी नंतर भोकं पाडलीत का, एवढं आवर्जून विचार. त्या भोकांनी किंमत खूप घसरते.

बंदूक हातात आली की पहिलं काम फोटो काढण्याचं नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून लिव्हर पूर्ण उघड, चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटानं चाचप, मॅगझिनही तपास. दुसऱ्याच्या घरातून आलेली बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. गोळी झाडण्याआधी गनस्मिथला दाखव; काळ्या दारूच्या जमान्यातल्या बंदुकीत आजची जोरकस काडतुसं घालणं जिवावर बेतू शकतं. आणि तुमची छोटी ईशानी आता चालायला लागलीय. लोखंडी कपाट आधी, रायफल नंतर. काडतुसं वेगळ्या कुलपात.

तो लिलाव रविवारी संध्याकाळी बंद होतोय. आज विक्रेत्याला लिही: पूर्ण सिरीयल नंबर, नळीच्या आत दिवा धरून काढलेला फोटो, वरच्या टँगवरच्या अक्षरांचा जवळून फोटो, आणि प्रूफ शिक्क्याबद्दल त्याचं काय म्हणणं आहे ते. सभ्य शब्दांत विचार, कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. उत्तर आलं तर शनिवार सकाळपर्यंत मला पाठव, आपण फोनवर दोघं मिळून पाहू. नाही आलं तर ही सोडून दे. सौ. तेजश्रीस आशीर्वाद, ईशानीला गोड पापा.

तुझा,
मामा