ताऱ्यांची लुकलुक थांबवणाऱ्यांच्या कामात तुमचं मूल रमेल का?

कोल्हापूर जिल्ह्यातलं कुरुंदवाड हे खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचं जन्मगाव. जन्म १९५६चा. शाळा हुबळीत, पुढे आयआयटी दिल्ली आणि मग अमेरिकेत बर्कलीला पीएच.डी. १९९५ मध्ये कॅलटेकमधल्या त्यांच्या पथकानं 'ग्लीझ २२९ बी'चा शोध जाहीर केला. तारा म्हणावं तर पोटात हायड्रोजन पेटत नाही, ग्रह म्हणावं तर वजन फार, अशा ब्राउन ड्वार्फ गटातली ही पहिल्या खात्रीशीर उदाहरणांपैकी एक. अंतर अवघं १९ प्रकाशवर्षं, म्हणजे खगोलाच्या हिशेबात शेजारच. तरीही तोवर ती कुणाला दिसली नव्हती, कारण शेजारच्या मोठ्या ताऱ्याच्या झगमगाटात ती बुडालेली होती. ती सापडली पालोमारच्या दीड मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर, आणि त्या काळीही ही दुर्बीण मोठ्यांत मोडत नव्हती. फरक पडला तो तिच्या मागे बसवलेल्या उपकरणामुळे. ताऱ्याची थरथरती प्रतिमा ते जागेवर धरून ठेवायचं आणि मोठ्या ताऱ्याचा प्रकाश झाकून टाकायचं.

मुलगा किंवा मुलगी 'मला ॲस्ट्रॉनॉमी करायचीय' म्हणते, तेव्हा आईवडिलांच्या डोळ्यांसमोर दुर्बिणीला डोळा लावून रात्रभर बसलेला माणूस येतो आणि पाठोपाठ 'पोट कसं भरणार?' हा प्रश्न येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधण्याआधी या क्षेत्रात माणसं दिवसभर नेमकं काय करतात, ते पाहायला हवं.

गोदावरीच्या वाहत्या पाण्यात तळाशी पडलेलं नाणं स्थिर असतं, तरी आपल्याला ते हलताना दिसतं. ताऱ्याचंही तसंच होतं. त्याचा प्रकाश लाखो कोटी किलोमीटर सरळ येतो आणि शेवटच्या काही किलोमीटरांत, आपल्या हवेच्या गरम-थंड थरांत विस्कटतो. त्यामुळे दोन मीटरची महागडी दुर्बीण बांधली तरी तिला दिसणारे बारकावे जेमतेम वीतभर व्यासाच्या दुर्बिणीइतकेच राहतात. प्रकाश भरपूर गोळा होतो, पण चित्र धूसरच. हवेनं केलेली ही विस्कट मोजून आरशाचा आकार क्षणोक्षणी बदलावा आणि ती पुसून टाकावी, ही कल्पना होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्येच मांडली होती. मात्र तेवढा वेगवान संगणक आणि तेवढा लवचिक आरसा हाती यायला पुढची काही दशकं गेली. आज एक संवेदक प्रकाशलहरीचा आकार मोजतो, संगणक हिशेब करतो आणि पातळ आरशामागचे दट्टे त्याला मायक्रॉनच्या अंशांनी दाबतात किंवा ओढतात. सेकंदाला शेकडो वेळा, काही यंत्रांत हजाराहून जास्त वेळा. हेच ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स. मोजमापासाठी जवळ पुरेसा तेजस्वी तारा नसेल तर आकाशात लेसर सोडून कृत्रिम तारा तयार करतात. आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणारे तारे अशाच तंत्रानं वर्षानुवर्षं टिपले गेले आणि तिथं सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असल्याचं त्यांच्या कक्षांवरून ठरलं. त्या कामाला २०२०चं नोबेल मिळालं.

हे सगळं अमेरिकेतच होतं, असं समजू नका. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनं कॅलटेकबरोबर 'रोबो-एओ' हे यंत्र उभं केलं. आयुकाच्या बाजूनं ए. एन. रामप्रकाश आणि त्यांची प्रयोगशाळा या कामात होती. यंत्र बसलं पालोमारच्या त्याच दीड मीटरच्या दुर्बिणीवर. त्याचा लेसर अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. तारा निवडणं, दुर्बीण वळवणं, आरसा जुळवणं हे सगळं यंत्र स्वतः करायचं आणि एका रात्रीत दोनशेच्या वर तारे पाहून व्हायचे. केप्लर दुर्बिणीला ज्या ताऱ्यांभोवती ग्रह असल्याचा संशय होता, त्यातले ७१५ तारे रोबो-एओनं तपासले आणि ५३ ठिकाणी शेजारी आणखी एक तारा दाखवून दिला. शेजारचा तारा लक्षात आला नाही तर ग्रहाचा आकारच चुकीचा निघतो, म्हणून या तपासणीचं मोल मोठं. याच आयुकात पुढे आदित्य-एल१ यानावरची 'सूट' ही सूर्य पाहणारी दुर्बीण घडली. ते यान २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलं.

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या टूलरूममध्ये किंवा ओझरच्या एचएएलमध्ये काम करणाऱ्या पालकांना मायक्रॉन समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी हे ध्यानात घ्यावं की खगोलशास्त्राची ही शाखा त्यांच्या कामाच्या फार जवळची आहे. इथं दिवस जातो तो ऑप्टिकल टेबलावर भिंगं जुळवण्यात, पायथॉनमधला प्रोग्राम का अडकला ते शोधण्यात, कंप कुठून येतोय ते हुडकण्यात आणि आलेल्या प्रतिमेतला ठिपका खरा तारा आहे की यंत्राचा दोष, यावर वाद घालण्यात. आकाशाचे सुंदर फोटो पाहून हरखणाऱ्या प्रत्येक मुलाला हे आवडेलच असं नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला गणित करताना कंटाळा येतो आणि बिघडलेली वस्तू उघडून पाहावीशी वाटत नाही, त्यानं आकाशदर्शन छंद म्हणून मनापासून जपावं, करिअर दुसरं निवडावं. उलट मार्क ८० टक्क्यांच्या आसपास असले, पण एका गणितावर दोन दिवस झटण्याची तयारी असली, तर त्या मुलाला अडवू नका.

वाटा मुख्यतः दोन. पहिली भौतिकशास्त्राची. बारावीनंतर आयसर (आयएटी परीक्षा) किंवा भुवनेश्वरचं नायसर (नेस्ट परीक्षा). हे जमलं नाही तर नाशिकमध्येच आरवायके किंवा केटीएचएमला बी.एस्सी. फिजिक्स करून जॅम परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी. जिल्ह्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलं म्हणजे दार बंद झालं, ही समजूत पालकांनी डोक्यातून काढून टाकावी. पीएच.डी.ला प्रवेश देताना पाया किती पक्का आहे ते पाहतात. त्यासाठी जेस्ट, नेट किंवा आयुका-एनसीआरएची स्वतःची परीक्षा असते. दुसरी वाट इंजिनिअरिंगची: इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर. उपकरणं बनवणाऱ्या गटांना या तिघांची सतत गरज असते. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीमध्ये इंजिनिअरिंग फिजिक्स शिकता येतं, तिथला प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डमधून होतो.

आता पैशांचं. पीएच.डी. करताना फी भरून शिकायचं नसतं, फेलोशिप मिळते. २०२३ पासून जेआरएफला पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. पण काळ लांब लागतो. बारावीनंतर पाच वर्षं, पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, मग दोन-चार वर्षं पोस्ट-डॉक. कायम नोकरी लागेपर्यंत वयाची तिशी उलटते, आणि देशात अशा जागा मोजक्याच आहेत. घराला मुलाच्या कमाईची बाविसाव्या वर्षी गरज असेल, तर ते घरात मोकळेपणानं बोलावं आणि इंजिनिअरिंगची वाट धरावी. त्यात संकोच नको.

मात्र संशोधनाची कायम जागा मिळाली नाही म्हणून शिक्षण वाया जातं, हे खरं नाही. प्रकाशाची विस्कट मोजून दुरुस्त करणारं हेच तंत्र १९९० च्या दशकात डोळ्यांच्या संशोधनात गेलं आणि जिवंत माणसाच्या पडद्यावरची एकेक पेशी दिसू लागली. लेसरनं संदेश पाठवणं, उपग्रहांवरचे कॅमेरे, सेमिकंडक्टरची तपासणी, या सगळ्याला हीच माणसं लागतात. आणि आपल्या हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लेसर, आरसे आणि कंप यांच्याशी झुंजणारी माणसं तिला मराठवाड्यातच लागणार आहेत.

मुलींच्या पालकांना रात्रीबेरात्री डोंगरावर राहण्याची काळजी वाटते. आज बरीचशी निरीक्षणं दुर्बिणीपासून दूर, संगणकासमोर बसून होतात. २०२०च्या त्या नोबेलच्या मानकऱ्यांत अँड्रिया गेझ होत्या.

आणखी एक. कुलकर्णी स्वतः विद्यार्थी असताना, १९८२ मध्ये, पहिला मिलिसेकंद पल्सार शोधणाऱ्या पथकात होते. २०२४ मध्ये त्यांना शॉ पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ग्लीझ २२९ बीचं खरं रूपही कळलं. ती एक वस्तू नसून १२ दिवसांत एकमेकींभोवती फिरणाऱ्या दोन वस्तू निघाल्या. हे दाखवणाऱ्या शोधनिबंधाचा पहिला लेखक पीएच.डी.चा विद्यार्थी होता. म्हणजे या क्षेत्रात खरं काम करायला केस पिकावे लागत नाहीत.

निर्णय दहावीच्या सुट्टीत घ्यायचा नाहीये, पारख मात्र आत्ताच करता येते. नोव्हेंबरमध्ये एनएसईए ही खगोलशास्त्राची राष्ट्रीय परीक्षा होते. शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजमध्ये विचारून वेळेत नाव नोंदवा. तिचे पुढचे टप्पे मुंबईचं होमी भाभा केंद्र घेतं, आणि २०२५ची आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र ऑलिंपियाड मुंबईतच भरली होती. निकाल काय लागतो यापेक्षा तयारी करताना मूल रमतं की कंटाळतं, तेवढं पाहा. आयुकाची गिरावलीची दोन मीटरची दुर्बीण पुणे-नाशिक रस्त्यापासून फार आत नाही, आणि नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटरच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. खोडदला २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास सर्वांना प्रवेश असतो. येत्या फेब्रुवारीत मुलाला घेऊन जा आणि तिथल्या इंजिनिअरांशी त्यालाच बोलू द्या. आपण बाजूला उभं राहून ऐका.