तारेच्या टोकाचा मायोराना : सापडला की नाही?

प्रश्न : अतिसूक्ष्म तारेत ‘मायोराना’ सापडल्याचं काही वर्षांपूर्वी वाचलं होतं. मग तो शोधनिबंध मागे घेतल्याचं वाचलं. आता म्हणे त्यावर चालणारी चिपही आली. नक्की खरं काय? आणि हा मायोराना तारेतच का शोधतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : सर्वांना पटेल असा पुरावा अजून कुणाच्याही हाती नाही. पण तुम्ही वाचलेल्या तिन्ही बातम्या खरोखरच आल्या होत्या.

एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये गणिताने दाखवलं, की स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेला कण असू शकतो. (पुढच्याच वर्षी नेपल्सच्या बोटीचं तिकीट काढून हा गृहस्थ जो नाहीसा झाला, तो झालाच. त्याच्या नावाच्या बातम्यांना मसाला मिळतो तो त्यामुळेही.) तारेत शोधतात तो मात्र मूलकण नव्हे. ती असंख्य इलेक्ट्रॉनांनी मिळून घडवलेली अवस्था असते. अलेक्सेई किताएव यांनी २००१ मध्ये मांडलं, की विशिष्ट प्रकारच्या अतिवाहक तारेत एका इलेक्ट्रॉनचे जणू दोन अर्धे होतील आणि तारेच्या दोन टोकांना जाऊन बसतील. हवालावाले नोट फाडून अर्धी इकडे, अर्धी तिकडे ठेवतात, तसंच. एका तुकड्यावरून काही कळत नाही, म्हणून एका टोकाला झालेल्या गडबडीने माहितीही सहसा बिघडत नाही. क्वांटम संगणकवाल्यांचा जीव यात अडकला तो यासाठी.

तशी तार निसर्गात आयती मिळत नाही. २०१० मध्ये दोन गटांनी ती जुळवायची कृती सांगितली आणि त्यातली गंमत बघण्याजोगी आहे. नेहमीच्या अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने राहतात आणि जोडीतल्या दोघांचे स्पिन (इलेक्ट्रॉनची जणू स्वतःभोवतीची गिरकी) उलटसुलट असतात. इथे मात्र सगळ्यांचे स्पिन जवळजवळ एकाच बाजूला हवेत, म्हणून चुंबकीय क्षेत्र लावायचं. ते लावलं की जोड्या मोडायला लागतात! हे भांडण मिटवतो अर्धवाहक. इंडियम अँटिमोनाइड किंवा इंडियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनचा स्पिन त्याच्या धावण्याच्या दिशेशी बांधलेला असतो. त्यामुळे विरुद्ध दिशांना धावणाऱ्या दोघांचे स्पिन पूर्ण एकसारखे होत नाहीत आणि जोडी जमायला थोडी जागा उरते. जोडी जमवण्याचा गुण तारेला स्वतःचा नसतो, तो तिला चिकटवलेल्या अतिवाहकाकडून उसना येतो.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लिओ कौवेनहोवन यांच्या गटाने २०१२ मध्ये हे करून पाहिलं. सुमारे १०० नॅनोमीटर जाडीची इंडियम अँटिमोनाइडची तार, तिच्यावर एका बाजूला अतिवाहक, दुसऱ्या बाजूला सोन्याचा संपर्क आणि तापमान निरपेक्ष शून्याहून अंशाच्या दहाव्या भागाइतकंही वर नाही. सोन्याकडून विद्युतदाब हळूहळू बदलत प्रवाह मोजायचा. शून्य दाबाच्या आसपास अतिवाहक इलेक्ट्रॉनला आत घेत नाही, तिथे आलेखात खळगा पडतो. चुंबकीय क्षेत्र वाढवल्यावर नेमक्या शून्यावरच एक शिखर उगवलं आणि क्षेत्राची दिशा फिरवून ठरावीक बाजूला नेली की मावळलं. सिद्धान्त हेच सांगत होता.

फक्त शिखर ठेंगणं होतं. खऱ्या मायोरानाचं शिखर वाहकतेच्या एका ठरलेल्या उंचीवर जाऊन थांबायला हवं. रोधाच्या भाषेत सांगायचं तर सुमारे १२,९०६ ओहम. ती उंची गाठल्याचा दावा २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. याच क्षेत्रातल्या सर्गेई फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट मोरिक यांनी मूळ नोंदी मागवून तपासल्या. हे मोरिक म्हणजे २०१२ च्या निबंधाचे पहिले लेखक! छापलेल्या आलेखांत काही दुरुस्त्या न सांगता केल्या होत्या. शिवाय मोजमापांचा पूर्ण पल्ला उघडला, तर काही ठिकाणी शिखर त्या उंचीच्याही वर जात होतं. मार्च २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. स्वतंत्र तज्ज्ञांना त्यात लबाडी दिसली नाही. लेखक उत्साहाच्या भरात वाहून गेले, असं त्यांनी म्हटलं.

माझ्या मते खरी मेख या प्रयोगाच्या स्वभावातच आहे. तारेत जरा अशुद्धी असली किंवा टोकाजवळ विद्युतक्षेत्र हळूहळू बदलत असलं, तरी शून्यावर शिखर उगवतं. ते ज्या अवस्थांमुळे उगवतं, त्यांना आंद्रेयेव्ह अवस्था म्हणतात. त्या एकाच टोकाला बसतात, म्हणजे फाटलेली नोट नाहीच. फिरवायला इतक्या कळी असतात, की हवं ते शिखर दिसेपर्यंत फिरवत राहणं सहज जमतं. शिखर मिळवणं सोपं, ते दुसऱ्या कशाचं नाही हे दाखवणं महाकठीण.

चिपची बातमी फेब्रुवारी २०२५ ची. मायक्रोसॉफ्टने इंडियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियमची ‘मायोराना १’ चिप जाहीर केली. सोबतच्या ‘नेचर’मधल्या निबंधात तारेतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या सम की विषम हे वाचून दाखवलं होतं आणि ते कौतुकाचंच काम आहे. मात्र या निष्कर्षांना मायोराना असल्याचा पुरावा समजू नये, अशी टीप खुद्द संपादकांनी परीक्षणाच्या कागदपत्रांत जोडली. जाहिरातीत अर्थातच ती नव्हती.

दरम्यान डेल्फ्टमध्येच २०२३ मध्ये दुसरी वाट धरली गेली. अखंड तारेत नशीब अजमावण्याऐवजी दोन क्वांटम ठिपके (इलेक्ट्रॉन कोंडायच्या अतिसूक्ष्म जागा) अतिवाहकाच्या छोट्या तुकड्याने जोडायचे आणि किताएवची साखळी एकेक कडी करत बांधायची. दोनच कड्यांच्या या अवस्थेला संशोधक ‘गरिबाचा मायोराना’ म्हणतात, कारण मांडणी जरा हलली की संरक्षण गेलं. पण इथे काय घडतंय ते निदान नीट कळतं.

यापुढे अशी बातमी दिसली, तर दोन्ही टोकांना एकाच वेळी मोजलं आहे का आणि मोजमापांचा सगळा पल्ला इतरांना खुला केला आहे का, तेवढं आधी बघा. दोन मायोरानांची अदलाबदल करून अवस्था अपेक्षेप्रमाणे बदलते का, ही खरी कसोटी. तिथवर या तारा अजून पोचलेल्या नाहीत.