रुपयाचे दिरहम

आमच्या रत्नागिरीकडची पुष्कळ मुले नोकरीसाठी दुबईला असतात. शेजारच्या तात्यांना मुलाने भेटीला बोलावले. तात्यांनी काजूच्या पैशातून २५ हजार रुपये बाजूला काढले व माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, आपला रुपया तिकडे चालेल का?"

मी म्हटले, "तात्या, एके काळी आखातात आपलाच रुपया चालायचा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या देशांसाठी वेगळ्या नोटा काढल्या. पुढे एकेका देशाने आपापले चलन काढले. दुबईचा दिरहम १९७३ साली आला. एका दिरहमचे १०० फिल्स. तेव्हा आता रुपये देऊन दिरहम घ्यायला हवेत."

तात्या म्हणाले, "बाजारात एकजण बदलून देतो. कमिशन एक पैसाही नको म्हणतो. एक दिरहम २५ रुपयांना."

"पावती देतो का?"

"छे! पावती कशाला, म्हणतो."

मग आम्ही रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या पेढीत गेलो. तात्या साक्षरता वर्गात आकडे शिकले आहेत. त्यांनी फळा स्वतः वाचला. फळ्यावर दोन भाव होते. पेढी दिरहम विकते तो भाव जास्त, विकत घेते तो कमी.

हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेऊ. पेढीचा विक्रीचा भाव २४ रुपये. १००० दिरहमचे २४,००० रुपये झाले. वर आकार व कर मिळून २०० रुपये. एकूण २४,२००. बाजारातला माणूस याच दिरहमचे २५,००० घेणार होता. म्हणजे 'कमिशन नको' म्हणणारा ८०० रुपयांनी महाग! तात्या म्हणाले, "अहो, एवढ्यासाठी आमच्या घरची दोन दिवस उन्हात काजू वेचते."

शिवाय परवाना नसलेल्या माणसाकडे चलन बदलणे कायद्याविरुद्ध आहे. नोट खोटी निघाली तर पावतीवाचून दाद कुठे मागणार?

उरलेले दिरहम परत देताना खरेदीचा भाव लागतो. तो समजा २२ असला, तर २४०० रुपयांना घेतलेल्या १०० दिरहमचे २२०० च हाती येतात. म्हणून लागतील तेवढेच घ्यावे.

लक्षात ठेवा

१. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट व पॅन कार्ड बरोबर न्या.
२. ५० हजार रुपयांहून जास्त रकमेचे चलन रोखीने मिळत नाही. ते पैसे बँकेमार्फत द्यावे लागतात.
३. नोटा तिथेच मोजा. पावती घ्या व जपून ठेवा.
४. नियम बदलतात. जाण्यापूर्वी बँकेत विचारा.

प्रश्न

१. फळ्यावर दोन भाव का असतात?
२. भाव २४ रुपये व आकार-कर २०० रुपये असता, ५०० दिरहमला एकूण किती रुपये पडतील?
३. तात्यांचे ८०० रुपये कशामुळे वाचले?