बॉटची चावी कुणाच्या कमरेला?

आपल्या मंडळाचा टेलिग्राम बॉट तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रोज सकाळी तो एक जुना शब्द पाठवतो, अंकासाठी आलेलं लिखाण गोळा करतो, आणि कुणी गुजरातीत काही लिहिलं तर त्याचं मराठी करून द्यायचा प्रयत्न करतो. (प्रयत्न हा शब्द मुद्दाम वापरला आहे.) हा बॉट कुठल्या भाड्याच्या सर्व्हरवर नाही. विभागातल्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी जो जुना डेस्कटॉप घरघर करत असतो, त्यावर तो चालतो. मॅडम म्हणाल्या, "कसा बसवलास ते अंकासाठी लिही." बसवण्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. मी फक्त चाव्यांबद्दल लिहिते, कारण आमचं घोडं तिथेच पेंड खाल्लं.

आधी एपीआय की म्हणजे काय ते बघू. आपला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कॉम्प्युटरकडे काम सांगतो: हा संदेश पोचव, या वाक्याचं भाषांतर दे. समोरच्याला कळायला हवं की सांगणारा कोण. माणूस असता तर नाव आणि पासवर्ड विचारला असता, फोनवर ओटीपी पाठवला असता. प्रोग्रॅम रात्री तीन वाजता ओटीपी कुठून आणणार? म्हणून त्याला अक्षरांची एक लांब माळ दिलेली असते. ती दाखवली की काम होतं.

तिला सगळे चावी म्हणतात, पण मला ती मुद्रेसारखी वाटते. मोडी कागद बघितलेल्यांना माहीत असेल, जुन्या पत्राच्या माथ्यावर शिक्का असायचा आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. मोर्तब कशासाठी, तर खाली कुणी चार ओळी घुसडू नयेत म्हणून. 'शिक्कामोर्तब' आपण आज सहज म्हणून जातो, पण ती दोन वेगळी कामं होती. कागद वाचणारा शिक्का बघायचा. तो कुणाच्या हाताने उमटला हे त्याला दिसत नव्हतं. एपीआय कीचंही तसंच. टोकन ज्याच्या हातात, तो बॉट. टेलिग्राम चेहरा बघत नाही.

आपल्या बॉटकडे अशा तीन मुद्रा आहेत.

पहिली टेलिग्रामची. टेलिग्रामवर 'बॉटफादर' नावाचा एक बॉट आहे, त्याला सांगून नवा बॉट तयार करायचा. तो एक टोकन देतो: आधी काही आकडे, मग अपूर्णविराम, मग अक्षरांची माळ. आकडे म्हणजे बॉटचा क्रमांक, ते गुप्त नाहीत. पुढची माळ गुप्त.

उरलेल्या दोन भाषांतराच्या, 'भाषिणी'च्या. ही केंद्र सरकारची भारतीय भाषांसाठीची सेवा. जुलै २०२२ मध्ये गांधीनगरलाच तिचं उद्घाटन झालं, म्हणजे आपल्या घरापासून फार लांब नाही. तिथे नोंदणी केल्यावर एक युजर आयडी मिळतो आणि आपण प्रोफाइलमध्ये एक की तयार करतो. गंमत पुढे आहे. ही की घेऊन थेट भाषांतर मागता येत नाही. आधी ती दाखवून विचारायचं, "गुजरातीतून मराठीत जायचंय, कुठे जाऊ?" उत्तरात कुठल्या पत्त्यावर जायचं ते मिळतं आणि तिथे दाखवायची दुसरी की मिळते. वाचनालयात ओळखपत्र दाखवून आत जायचं आणि मग टेबलावर पुस्तकाची चिठ्ठी घ्यायची, तसं. मला सुरुवातीला हे कळलं नव्हतं. पहिलीच की दुसऱ्या पत्त्यावर दाखवत दोन दिवस घालवले आणि प्रत्येक वेळी नकार घेऊन परत आले.

आता आमची चूक सांगते. चूक माझीच.

मी टोकन सरळ प्रोग्रॅमच्या तिसऱ्या ओळीत लिहून टाकलं होतं. म्हटलं, आधी चालू तर होऊ दे. चालू झाल्यावर ज्युनिअर मुलांना शिकता यावं म्हणून सगळा कोड गिटहबवर सार्वजनिक ठेवला. तिसऱ्या ओळीसकट. दोन दिवसांनी लक्षात आल्यावर ती ओळ पुसली, बदल पुन्हा चढवला आणि हुश्श केलं. गिट हा रोजकीर्दीसारखा आहे हे माहीत असूनही डोक्यात आलं नाही. कीर्दीत खाडाखोड चालत नाही. चुकलेली नोंद जागेवर राहते आणि खाली दुरुस्तीची नोंद येते. माझं टोकन जुन्या नोंदीत जसंच्या तसं होतं. आणि असे सार्वजनिक कोड सतत चाळत बसणारे प्रोग्रॅम असतात, त्यांना जुन्या नोंदीही वाचता येतात.

नवरात्र चालू होतं. अख्खं बडोदं गरब्याला. रात्री एक वाजता आपल्या बॉटने मंडळाच्या ग्रुपवर 'पैसे दुप्पट करा' असा संदेश आणि एक लिंक टाकली. सकाळी आठपर्यंत कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं आणि घाईघाईने बॉटफादरकडून जुनं टोकन रद्द करून नवं घेतलं. रिव्होकचा आदेश दिला की जुनं तत्काळ निकामी होतं. दोन मिनिटांचं काम. कुणी लिंक दाबली नव्हती. सुटलो, असं वाटलं.

मग मॅडमनी विचारलं, "टोपणनावाने येणाऱ्या कवितांचं काय?"

आपल्याकडे काही जणी टोपणनावाने लिहितात. घरात कळू नये असं काही कवितेत असतं. अंकात टोपणनाव छापलं जातं, पण बॉटला कविता येते ती त्या मुलीच्या खऱ्या टेलिग्राम खात्यावरून. आपला डेस्कटॉप थोड्या थोड्या वेळाने टेलिग्रामकडे जाऊन विचारतो, "काही आलं का?" आणि आलेलं उचलतो. (याचा फायदा असा की कॉलेजच्या नेटवर्कमध्ये बाहेरून दार उघडावं लागत नाही, आपणच बाहेर जाऊन आणतो.) उचललेला संदेश टेलिग्राम या विचारण्याच्या उत्तरात पुन्हा देत नाही, आणि न उचललेला जास्तीत जास्त चोवीस तास ठेवतो. म्हणजे आपल्या डिस्कवर साठलेल्या जुन्या कविता चोराला या मार्गाने मिळाल्या नसणार. पण त्या दिवसांत त्यानेही "काही आलं का?" विचारलं असेल, तर नव्या कविता, पाठवणारीच्या खात्याच्या नावासकट, त्याच्या हाती जाऊ शकत होत्या.

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे बॉटची डायरी. त्यात चार दिवसांपासून ४०९ ही एरर अधूनमधून येत होती. एकाच बॉटसाठी दोन ठिकाणांहून संदेश मागितले जात असले की टेलिग्राम हे सांगतं. मी ती पाहिली होती, आणि "माझ्या लॅपटॉपवर चालू राहिला असेल" म्हणून सोडून दिली होती. लॅपटॉप तर बंद होता.

त्या चार दिवसांत कुणी काय पाठवलं हे शोधायला मार्ग नव्हता. जे आमच्याकडे पोचलंच नाही त्याची नोंद कुठून असणार? मॅडम आणि मी मंडळातल्या प्रत्येकीला एकेकटीला गाठून विचारलं. तिघींनी त्या दिवसांत कविता पाठवल्या होत्या. दोघींच्या आमच्याकडे होत्या, एकीची नव्हती. तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती कविता अंकात नको." एवढंच. ती आता बॉटला काही पाठवत नाही, कागदावर लिहून मॅडमच्या हातात देते. तिचं बरोबरच आहे.

तर आता काय करतो ते सांगते.

चाव्या कोडमध्ये नाहीत. त्या एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये आहेत, जिचं नाव टिंबाने सुरू होतं आणि पुढे ई-एन-व्ही. प्रत्येक ओळीत एक नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. ही फाइल गिटने उचलू नये म्हणून तिचं नाव 'गिटइग्नोअर'च्या यादीत घातलं आहे, आणि ते पहिल्या दिवशी, फाइल तयार करायच्या आधी. एकदा नोंद झालेल्या फाइलवर ती यादी चालत नाही. सोबत एक नमुना फाइल आहे, तिच्यात नावं आहेत आणि किमती रिकाम्या; ती खुशाल सार्वजनिक असू दे, नव्या माणसाला कुठल्या चाव्या लागतात ते कळतं. खऱ्या फाइलला ६०० ही परवानगी दिली आहे: फक्त मालकाने वाचावी-लिहावी, त्याच कॉम्प्युटरवरच्या इतर खात्यांनी नाही.

एका चुकीने सगळेच पडतात. टर्मिनलमध्ये 'एक्स्पोर्ट' लिहून चावी दिली की बॉट झकास चालतो आणि आपण खूश. मग लाइट जाते. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो, पण तोंडी सांगितलेली चावी त्याच्या लक्षात नसते. म्हणून लिनक्सच्या सिस्टिमडीला सेवेच्या नोंदीतच सांगायचं की सुरू होताना अमुक फाइल वाच. पावसाळ्यात हे फार कामाला आलं.

४०१ आली तर चावी चुकीची आहे. दहापैकी नऊ वेळा कॉपी करताना शेवटी एक स्पेस आलेली असते. एकाने टोकन वर्डमध्ये जपून ठेवलं होतं आणि वर्डने अवतरणचिन्हं वाकडी करून दिली होती. ती त्या बिचाऱ्याला दिसतच नव्हती.

आणि लॉग जपा. टेलिग्रामला जो पत्ता लावायचा असतो त्या पत्त्यातच टोकन असतं. प्रत्येक पत्ता लॉगमध्ये छापणारी लायब्ररी वापरली तर डायरीच्या पानापानावर मुद्रा उमटते. मग आपण "एरर काय आहे बघ ना" म्हणून स्क्रीनशॉट व्हॉट्सॅपवर टाकतो, किंवा पूर्ण लॉग चॅटजीपीटीला चिकटवतो. आम्ही त्या लायब्ररीला आता फक्त इशारे आणि चुका छापायला सांगितलं आहे. प्रयोगांसाठी एक वेगळा सरावाचा बॉट आहे, त्याचं टोकन वेगळं. ज्युनिअर मुलांनी तो खुशाल मोडावा.

एक प्रश्न राहतो, आणि तो कॉम्प्युटरचा नाही. बॉटफादरच्या दृष्टीने बॉटची मालकीण मी आहे, कारण माझ्या फोनवरून तो तयार झाला. मी मे महिन्यात बाहेर पडते आहे. माझा नंबर बदलला, फोन हरवला, किंवा मी नोकरीच्या धबडग्यात मंडळाला विसरले, तर उद्या टोकन रद्द करायची वेळ आली तरी ते कुणाला करता येणार नाही. मालकी दुसऱ्या खात्याकडे देता येते, त्यासाठी देणाऱ्याच्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असावं लागतं. मंडळाच्या नावाने एक वेगळा नंबर घ्यायचं ठरलं आहे. सिमकार्ड आणि पासवर्डचा बंद लिफाफा विभागाच्या कपाटात राहील. भाषिणीचं खातंही मंडळाच्या ईमेलवर हलवायचं आहे.

कपाटाला दोन कुलपं लावा, असं मी सुचवलं. सरकारी खजिन्यात दोन अधिकाऱ्यांकडे दोन चाव्या असतात, तसं. एक मॅडमकडे राहील. दुसरीसाठी एफवाय किंवा एसवायचा कुणीतरी हवा आहे. कोडिंग येत नसलं तरी चालेल, पण रोज लॉग उघडून वाचायची तयारी हवी आणि ४०९ दिसली तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगायला हवं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन वाजता मी विभागात आहे. जुनी टोकनं सगळ्यांसमोर रद्द करून नवी घेणार आहे, तेव्हा या.