विमान सरळ आहे हे वैमानिकाला कसं कळतं?



शिरूरहून दौंडला एसटीने जाताना वळण आलं की आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो. डोळे मिटलेले असले तरी वळण कळतं. विमानात मात्र हे होत नाही. विमान वळताना आतल्या बाजूला कलतं, त्यामुळे आपण आसनातच दाबले जातो. हातातल्या ग्लासमधलं पाणीसुद्धा फरशीला समांतर राहतं. (दौंडच्या मुलांना रेल्वेचं उदाहरण द्या. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात, त्यामागेही हाच विचार असतो.)

मग मुलं विचारतात, "सर, गवंड्यासारखा ओळंबा टांगला तर?" प्रश्न फार चांगला आहे. पण नीट घेतलेल्या वळणात ओळंबाही विमानाबरोबर कलतो, म्हणजे तोही फसतो. इथे भोवरा कामाला येतो. वेगाने फिरणारा भोवरा आपल्या अक्षाची दिशा सहजासहजी सोडत नाही. याच तत्त्वावर चालणारं यंत्र वैमानिकासमोर कृत्रिम क्षितिज दाखवतं.

हे यंत्रच बिघडलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईला निघालं. किनारा ओलांडल्यावर ते थोडं उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं यंत्र विमान अजून उजवीकडेच कललंय असं दाखवत राहिलं. खाली काळा समुद्र, क्षितिज दिसेना. कॅप्टनने विमान डावीकडे वळवलं, आणखी वळवलं. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जण होते, कोणीही वाचलं नाही.

खरं तर कॉकपिटमध्ये अशी तीन यंत्रं होती: कॅप्टनचं, सहवैमानिकाचं आणि मध्ये एक राखीव. आपलं यंत्र बिघडल्याचं कॅप्टन बोललेही होते. सहवैमानिकाचं उत्तर मात्र असं होतं की त्याचं यंत्र बिघडलंय की ठीक आहे, हे स्पष्ट होईना. फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या यंत्राकडे लक्ष वेधू पाहिलं, पण तोवर सेकंदच उरले होते. चौकशीत यंत्राच्या बिघाडाबरोबर हेही नोंदलं गेलं की कॅप्टनने बाकीच्या यंत्रांवरून खात्री केली नाही.

माझ्या मते हा पाठ विज्ञानाइतकाच भाषेचाही आहे. "माझं यंत्र ठीक आहे, तुमचं चुकतंय" एवढं एक सरळ वाक्य त्या क्षणी हवं होतं. वरिष्ठांना असं तोंडावर सांगणं आपल्याकडे उद्धटपणात जमा होतं, फळ्यावरची चूक दाखवणारं पोरही आगाऊ ठरतं. विमान कंपन्यांना मात्र हे शिकवावं लागलं. त्या दशकातल्या अनेक अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि पुढे कनिष्ठाने स्पष्ट बोलणं व वरिष्ठाने ते ऐकणं हा प्रशिक्षणाचा भाग झाला.

वर्गासाठी कृती: एका मुलाला फिरत्या खुर्चीवर डोळे बांधून बसवा. खुर्ची अगदी हळू, एकसारखी फिरवा आणि मग थांबवा. "आता कुठे फिरतोयस?" असं विचारा. बहुतेक मुलं उलटी दिशा सांगतात. शेजारी एक मोठं माणूस उभं हवंच. ओळंबा गावातल्या गवंड्याकडून मागून आणा. भोवरा कुणा ना कुणाच्या दप्तरात सापडतोच.